स्थानिक सहायक मथुराबाई

मी जर्मनीला निघाले त्या दिवशी अर्धं गाव शेवगावच्या स्टँडवर लोटलं होतं. तीन वर्षं झाली त्याला. सरपंच आले, सोसायटीचे चेअरमन आले, शाळेत असताना मला एकदाही नावाने हाक न मारलेले गुरुजी आले आणि माझ्या शेजारी उभे राहून फोटो काढून गेले. हार झाले, पेढे झाले, कुणीतरी एसटीच्या चाकाखाली नारळ फोडला आणि त्याचं पाणी माझ्या नव्या बुटांवर उडालं. नाना, म्हणजे माझे चुलते, भेटेल त्याला सांगत होते, "आमच्या घरातली पयली पोरगी इमानात बसती." आणि आई? आई गाडीच्या मागच्या बाजूला माझी बॅग दोन्ही हातांनी धरून उभी होती, कुणी उचलून नेईल या भीतीने. तिला फोटोत या असं कुणी म्हटलं नाही. माझ्याही ते डोक्यात आलं नाही, हे आधीच कबूल करते. गाडी हलली तेव्हा ती खिडकीशी आली आणि एवढंच म्हणाली, "पोचलीस का फोन कर. जेवन मागनं कर."

केडगाव मागे पडेपर्यंत मला छान वाटत होतं. खोटं कशाला बोलू? पुण्याच्या रस्त्याला लागल्यावर मात्र डोक्यात एक गोष्ट घुसली आणि ती काही केल्या निघेना. माझी आई दर वर्षी दिवाळी झाली की घर सोडते. मला कळायला लागलं त्याच्या आधीपासून सोडते. ट्रकात भांडी, पिठाचे डबे, गोधड्या, शेळी, आणि त्या सगळ्यावर माणसं. तिकडे देवळाली प्रवराच्या बाजूला ऊस तोडायला जायचं आणि पाडव्याच्या आगेमागे परत यायचं. तिला निरोप द्यायला कधी एखादं माणूस आलंय? सरपंच सोडा, शेजारची म्हातारीसुद्धा दार लावून घेते, कारण ट्रकाची धूळ घरात येते. मी एकदा गेले तर हार-तुरे, आणि ती इतक्या वेळा गेली तर "टोळी गेली" एवढंच. त्या दिवशी मला पहिल्यांदा राग आला आणि तो अजून उतरलेला नाही. म्हणून हे लिहिते आहे, गावात राहिलेल्यांसाठी आणि माझ्यासारखं लांब येऊन बसलेल्यांसाठीही.

ज्यांना ऊसतोड माहीत नाही त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. तिथे माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. तो तोडणार, ती मोळ्या बांधणार, डोक्यावरून गाडीत टाकणार, आणि हजेरीला नाव त्याचं. मी चौदा वर्षांची असताना माझे वडील, भाऊसाहेब, तापाने गेले. त्यांचा दहावा झाला आणि दुसऱ्याच दिवशी आमच्या टोळीचे मुकादम दारात आले. मुकादम म्हणजे माणसं गोळा करून कारखान्याला पुरवणारा. आमच्याकडे त्यांना सगळे आबा म्हणतात. आबा ओट्यावर बसून चहा प्यायले आणि म्हणाले, "मथुरे, तुझं आता कसं करायचं? आर्धा कोयता मी कुठं बसवू?" चहा घेऊन मीच आले होते, म्हणून मला हे शब्द नीट आठवतात. माझी आई, जी पहाटे चारला उठून पुरुषाच्या बरोबरीने उसाचा फड साफ करायची, ती नवरा मेल्याबरोबर अर्धी झाली! नाना तिथेच होते. ते म्हणाले, "पोरगी हाय की. कोयता पुरा व्हतोय."

आणि झाला पुरा. आठवीची परीक्षा बुडवून मी दोन हंगाम आईबरोबर ऊस तोडला. उसाच्या पानाने हात कापतात, ते कसे कापतात हे मी इथे जर्मन मैत्रिणींना सांगायला गेले तर त्या विचारतात, ग्लोव्हज का नाही घातले?  आम्ही कोपीत राहायचो. कोपी म्हणजे बांबू आणि चटईची त्रिकोणी झोपडी, आत वाकूनच जायचं. आई साडीवर वडिलांचा फुलबाह्यांचा शर्ट घालायची आणि कामाला लागायची. दोन हंगामांनंतर एक दिवस तिने कोयता बाजूला ठेवला आणि म्हणाली, "तू आता हितं न्हाई यायचं." माझ्या मामाला तिने स्वतःच्या जोडीला घेतलं आणि मला नगरच्या एका वसतिगृहात टाकलं. नाना महिनाभर बोलले नाहीत तिच्याशी. मुलीच्या जातीला वसतिगृहात ठेवणं म्हणजे नाक कापल्यासारखं वाटलं त्यांना. हेच नाना पुढे काय झाले ते सांगतेच.

आता माझ्या अभ्यासाचं. मी इथल्या विद्यापीठात सार्वजनिक आरोग्यावर पीएच.डी. करते. विषय, ऊसतोड बायांची बाळंतपणं. हा विषय मला पुस्तकातून सुचलेला नाही. माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता, फडाजवळच्या कोपीत. कळा लागल्या तेव्हा दवाखान्यात नेलं तर तिथे म्हणाले, तुमची नोंद इथे नाही, तुमच्या गावाला जा. गाव होतं दोन तालुके पलीकडे. मुलगा तीन दिवस जगला. आई हे एकदाच बोलली आहे माझ्याशी, ज्वारी निवडत असताना, मान वर न करता.

झालं असं, की तपासण्यांचं सरकारी कार्ड गरोदर बाईला गावात मिळतं आणि ट्रकात चढताना बाया ते घरच्या पेटीत ठेवून जातात, हरवू नये म्हणून. पाच महिने जिथे राहायचं तिथे कुणाला त्यांचा पत्ताच नसतो. मी हे सगळं फोनवर आईला माझ्या अभ्यासातलं म्हणून सांगत होते, आणि ती म्हणाली, "मंग कारड संगं आनायला काय झालं?" एवढं सोपं! तिने दिवाळीत घरोघर जाऊन बायांना कार्डं बाहेर काढायला लावली. दुधाची रिकामी पिशवी धुऊन त्यात कार्ड, आणि ती पिशवी कोपीच्या आडव्या बांबूला. दिवसभर फडात राबायचं आणि संध्याकाळी या तळावरून त्या तळावर, म्हणजे कोप्यांच्या एका वस्तीवरून दुसरीवर, चालत जायचं. तिला लिहिता येत नाही. ती मला फोन लावायची. तिच्याकडे दिवस मावळलेला, माझ्याकडे दुपारचे दोन. मी विद्यापीठाच्या मेन्सात, म्हणजे खाणावळीत, ट्रे घेऊन रांगेत उभी आणि कानात आई, जसं या गेल्या हंगामात: "ल्ही, तिसऱ्या कोपीतली सविता. आठवा लागलाय. पाय सुजल्यात. गोळ्या घेत न्हाई, मळमळतंय म्हनती." मी पेपर नॅपकिनवर लिहून घ्यायची, मग तिथल्या आरोग्य केंद्राच्या आशाताईंना फोन करून नाव, कोपी, महिना सांगायची. सुरुवातीला त्या वैतागायच्या. नंतर त्याच विचारू लागल्या, आज मथुराबाईंचा फोन नाही का आला?

मी दरमहा पैसे पाठवते, तरी आई फडावर का जाते असं मला पुष्कळांनी विचारलंय. मीही विचारलं होतं. ती म्हणाली, "घरी बसून भिताडाशी बोलू व्हय? बाया तिकडं हायेत." आणि आबा मुकादम तिला तळावर राहू देतात, पण एका अटीवर. मामाबरोबर तिचा कोयता पुरा भरला पाहिजे. म्हणजे आधी दिवसभर ऊस, मग कार्डं.

आता माझं पाप ऐका. या कामावर माझा पहिला पेपर छापून आला. माझ्या प्रोफेसर बाई चांगल्या आहेत, त्यांनी सुचवलं की माहिती गोळा करणारी व्यक्ती संशोधकाची आईच आहे असं दिसलं तर लोक निष्कर्षांवर शंका घेतील. तेव्हा नाव नको. मी मान डोलावली. डोलावली कसली, मला सुटल्यासारखं वाटलं. आई अंगठा लावते हे या पांढऱ्याशुभ्र इमारतीत कुणाला कळायला नको, असंही कुठेतरी होतंच मनात. पेपरात एक वाक्य गेलं, या कामी एका स्थानिक सहायकाची मदत झाली. मदत झाली! दिवसभर ऊस तोडून वर चार मैल चालणारी बाई ती, आणि मी तिला सहायक केलं. कोयत्यात तिला अर्धी मोजणाऱ्या आबांना मी कोणत्या तोंडाने नावं ठेवू?

गेल्या डिसेंबरात विद्यापीठाने मला त्या वर्षीचं पारितोषिक दिलं. अभ्यास आणि समाजसेवा या दोन्हींत विशेष काम करणाऱ्या एका विद्यार्थ्याला ते देतात. सभागृहात व्हायोलिन वाजलं, कुलगुरूंनी हात मिळवला. मी आदल्या आठवड्यात ऑफिसात विचारून आले होते, हे दोघींच्या नावे देता येईल का? तिथल्या बाईंनी नियमावली उघडून दाखवली. पारितोषिक फक्त प्रवेश घेतलेल्या विद्यार्थ्याला. फार गोड आवाजात सांगितलं, चहा पण विचारला. राग आला तरी भांडायला जागा नव्हती. भाषणात मी आईचं नाव घेतलं, लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या, आणि प्रमाणपत्र एकटीच्या नावाचं घेऊन मी सायकलवरून खोलीवर आले.

बातमी गावात पोचायला दोन दिवस लागले. तिसऱ्या दिवशी सत्कार समितीचा फोन. मी जानेवारीत येणारच होते. म्हटलं, सत्कार करायचाच असेल तर पाडव्यानंतर करा, मी पुन्हा येईन. टोळ्या परत आलेल्या असतील, ज्या बायांचं काम आहे त्या समोर असतील. तिकडून उत्तर आलं, "मॅडम, सव्वीस जानेवारीला मंडप आयताच असतो, माइकवाला पण आलेला असतो." म्हणजे ऊसतोड बायांच्या सेवेबद्दल सत्कार, आणि तो अशा दिवशी की गावात ऊस तोडणारी एकही बाई नाही. हे फक्त आमच्याच लोकांना सुचू शकतं! मी दुसरी गोष्ट मागितली. मानपत्रात आईचं नाव पाहिजे आणि ती स्टेजवर माझ्या शेजारी पाहिजे. ते म्हणाले, "हे काय सांगणं झालं मॅडम? मातोश्रींचा मान पहिला."

आईला फोन केला तर ती सविताच्याच काळजीत होती. सविताचे दिवस भरत आले होते. "बघते, जमलं तर येते," म्हणाली. मग म्हणाली, "मोठी मानसं आसत्याल ना टेजवर? तेंच्याफुडं गाडीचं बोल. आडल्या बाईला न्यायला तळावर एक गाडी पायजे." मी हो हो म्हटलं. मी भाषण लिहीत होते, त्यात आईवर एक फार सुंदर परिच्छेद जमून आला होता.

सव्वीस तारखेला नगरहून गाडी ठरवून गावात पोचले. वेशीतच फ्लेक्स. माझा फोटो होता, पण त्याच्या दुप्पट आबा मुकादमांचा. खाली शुभेच्छुकांची डोकी दोन रांगांत. आईचा फोटो नाही. मंडपात शाळेची पोरं आणि घरी राहिलेली म्हातारी माणसं. स्टेजवर माझी खुर्ची, आणि तिच्या शेजारच्या खुर्चीत फेटा बांधून नाना! मी विचारलं, आई कुठे? समितीचा माणूस म्हणाला, त्या काही आल्या नाहीत, म्हणून पालक म्हणून नानांना बसवलं. पालक. कोयता पुरा करा म्हणणारा पालक. आणि आईला आबांनीच सोडलं नसणार, कोयता भरायला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण समोर पोरं सकाळपासून बसली होती म्हणून मी बसले.

मग अध्यक्षांचा सत्कार झाला. अध्यक्ष आबा. मग प्रमुख पाहुण्यांचा, मग मंडपवाल्याचा, मग आदर्श पालकाचा. माझी पाळी येईपर्यंत ऊन डोक्यावर आलं. मानपत्र वाचलं गेलं, सातासमुद्रापार राहूनही जिने आपल्या गावच्या भगिनींची सेवा केली वगैरे वगैरे. मी कान देऊन ऐकत होते. आईचं नाव आलंच नाही. हळूच विचारलं तर समितीवाला कानात म्हणाला, "डिझाइनमध्ये बसत नव्हतं मॅडम."

मी माइकसमोर गेले. सुंदर परिच्छेद खिशातच राहिला. म्हटलं, हे काम मी केलेलं नाही. माझ्या आईने केलं, मथुराबाईने. ती आत्ता ऊस तोडतेय, आणि तिला इथे यायला सुट्टी न देणारे गृहस्थ या सत्काराचे अध्यक्ष आहेत. मला वाटलं आता काहीतरी होईल. कुणी तरी चिडेल, आबा उठून जातील. अहो, टाळ्या वाजल्या! आणि सगळ्यात जास्त कोणी वाजवल्या? आबांनी. त्यांनी माझ्या हातून माइक घेतला आणि म्हणाले, "बघा मंडळी, येवढी शिकली पन पाय जमिनीवर हायेत. आईला इसरली न्हाई. ह्याला म्हनायचं संस्कार!" आणखी टाळ्या. माझ्या रागाची त्यांनी पाच मिनिटांत शाल करून मलाच पांघरली. खाली बसताना ते मला म्हणाले, "आन पोरी, मी न्हाई आडवलं तिला. जा म्हनलं हुतं. तीच न्हाई आली." माझा काही विश्वास बसला नाही. जेवणाच्या पंगती बसायच्या आधीच मी गाडीत बसले आणि ड्रायव्हरला सांगितलं, देवळाली प्रवरा.

वाटेत मी मनातल्या मनात आबांना काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. आईसमोर गेल्यावर कसं सांगायचं तेही ठरवत होते, की आई, तुझं नाव मी भर मंडपात घेतलं, कुणाला घाबरले नाही. तळ आला तेव्हा साडेतीन वाजले असतील. कोप्या जवळजवळ रिकाम्या, सगळे फडात. एका कोपीच्या तोंडाशी आई उकिडवी बसली होती, शर्टाच्या बाह्या वर सारून. मला पाहून ती उठली, पण माझ्याकडे आलीच नाही. सरळ गाडीकडे गेली आणि मागचं दार उघडून आत डोकावली.

"गाडी आनलीस व्हय? लई बरं झालं," म्हणाली. मागच्या सीटवर हार, गुच्छ आणि मानपत्राची चौकट पडली होती. तिने ते सगळं हाताने खाली लोटलं. "सवितेला सकाळधरनं कळा हायेत. अँब्युलन्सला फोन करून करून दमले, गाडीच न्हाई. चल, धर तिला."

आबांनी अडवलं नव्हतं. ती स्वतःच आली नव्हती. एकोणीस-वीस वर्षांची सविता, तिचा नवरा फडावर, सासू गावाला, आणि आई सकाळपासून तिचा हात धरून बसलेली. आम्ही तिला गाडीत घेतलं. आई मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. ड्रायव्हर बिचारा घाबरून गेला होता. रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर आडवे, हॉर्न वाजवून वाजवून त्याचा हात दुखला असेल. सविताची कळ थोडी ओसरली तेव्हा आईने पहिल्यांदा सत्काराचं विचारलं.

"टेजवर कोन कोन हुतं?"

मी सांगितलं. सरपंच, आबा, झेडपीचे मेंबर, कारखान्याचे एक संचालक.

"आन तू काय बोललीस?"

"तुझं नाव घेतलं. हे सगळं तू केलंस असं सांगितलं सगळ्यांना."

 ती जी भडकली! "माझं नाव? माझं नाव घिऊन काय चाटायचंय? आगं, सगळे एका जागी घावले हुते तुला! गाडी मागायची सोडून माझी आरती म्हनत बसलीस? मी फोनवर काय सांगितलं हुतं? येवढी शिकलीस ती कशाला, टाळ्या घ्यायला?" सविता कण्हत होती आणि आई तिच्या कपाळावर हात फिरवत मला फाडून खात होती.  माझा सगळा राग, तीन वर्षं जपलेला, त्या गाडीत एकदम बिनकामाचा वाटायला लागला. आईला मान मिळावा म्हणून मी भांडत होते, आणि तिला पाहिजे होती गाडी.

सरकारी दवाखाना आला. दारातल्या सिस्टरांनी सविताला लगेच आत घेतलं, स्ट्रेचर स्वतः ओढलं, हे त्यांच्याबद्दल सांगितलंच पाहिजे. मग त्या रजिस्टर घेऊन बाहेर आल्या. दुपारपासून एकट्याच होत्या, चेहऱ्यावर दिसत होतं. दुधाच्या पिशवीतलं कार्ड आईने पुढे केलं. सिस्टरांनी ते उलटंपालटं केलं आणि म्हणाल्या, "हे शेवगाव तालुक्यातलं. इथली नोंद कुठंय?" मी पुढे सरसावले. म्हणणार होते, मी अमुक विद्यापीठाची संशोधक, आशाताईंना माझा फोन झालेला आहे, नियम असा आहे. तोंडही उघडलं होतं. आई म्हणाली, "तू गप."

आणि ती काउंटरवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली. "नोंद हितली करा. दिवाळीपासनं ती हितंच राहती, हितलाच ऊस तोडती."

सिस्टरांनी रजिस्टरचं पान उलटलं. मग म्हणाल्या, "तुम्ही कोण तिच्या? सासू?"

"न्हाई."

"आई? मावशी? काय नातं लिहू?"

"नातं काय न्हाई. मी आनलं तिला."

सिस्टरांनी पेन थांबवलं. "मावशी, नात्याची जागा आहे इथे, काहीतरी लिहावं लागतं. नाव तरी सांगा."

माझी आई, जिला हजेरीपटावर कधी नाव नव्हतं, मानपत्रात जी बसत नव्हती, तिने ते असं सांगितलं की बाकावर बसलेल्या बायासुद्धा वळून बघायला लागल्या. "मथुरा भाऊसाहेब. नात्याच्या जागी लिव्हा, घिऊन आली."

सिस्टरांनी तसंच लिहिलं. मी वाकून पाहिलं, अगदी तसंच, घेऊन आली. गाव विचारल्यावर आईने तळाचं नाव सांगितलं, तेही लिहिलं. मग त्यांनी शाईचं पॅड पुढे केलं आणि आईने अंगठा उठवला. मला तिथे रडू आलं. रडत होते तेवढ्यात सिस्टरांनी माझ्याकडे पेन रोखून विचारलं, "आणि या कोण?"

मी डोळे पुसून सांगणार, तर आई म्हणाली, "ती माझी पोरगी. पाव्हनी हाय, परवा जायाचीय."

पाहुणी. तिने काही मनात धरून म्हटलं नव्हतं, खरं तेच सांगितलं. इतक्या लोकांवर मी रागावले होते त्या दिवशी, पण या शब्दावर रागवायला मला काही जागाच सापडेना. तोंडात मारल्यासारखी उभी राहिले. आईचं माझ्याकडे लक्ष कुठे होतं? आतून सविताची हाक आली तशी ती आत धावली आणि धावता धावता ओरडली, "वैशे, हुबी काय राह्यलीस खांबावानी? जा, चहावाल्याकडनं गरम पानी आन! किटली भरून आन!"

मी पळाले.

सविताला मुलगी झाली, दोघी चांगल्या आहेत. परत आल्यावर मी पहिलं काम केलं ते माझा पेपर छापणाऱ्या मासिकाला पत्र लिहिण्याचं. स्थानिक सहायक हे शब्द काढा आणि तिथे मथुरा भाऊसाहेब हे नाव घाला, संशोधकाची आई असं कंसात लिहून घाला, लोकांना शंका घ्यायची असेल तर घेऊ द्या. प्रोफेसर बाईंनी पत्र वाचलं आणि सही केली. गावच्या मंडळींनो, तुम्हाला मात्र वेगळं सांगायचंय. तळावर अजून गाडी नाही. मानपत्र मी पोस्टाने परत पाठवलंय, मागच्या कोऱ्या बाजूवर गाडीचा अर्ज लिहून, आणि तो डिझाइनमध्ये बसतो का ते बघू नका.

आणि माझ्याबरोबर लांब आलेल्यांनो, आपण इथे भेटलो की एकमेकांना विचारतो ना, घरी कधी जाणार? मी हल्ली त्यावर गावाचं नाव सांगत नाही, आणि या देशाचंही नाही. गावाने मला खुर्ची दिली, इथल्या लोकांनीही दिली, आणि दोन्हीकडे फार मानाने बसवलं. घर आता मला एकच उरलंय, आई असेल तिथे. तिथे मी पाहुणी आहे हे मला माहीत आहे, पण तिथे पाय ठेवला की कुणीतरी माझ्यावर खेकसतं, उभी काय राहिलीस, पाणी आण.